ओली पेटी

माझ्या नाकावर राग आहे आणि पायाला भिंगरी, असं मला लहानपणापासून ऐकवलं गेलं आहे. दोन्ही खरं आहे. वणीच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत मी कारकून होते तेव्हा मालक म्हणायचे, "मॅडम, खुर्चीत काय खिळे हायेत का?" कोळशाच्या गाड्यांच्या पावत्या लिहिता लिहिता मी दर दहा मिनिटांनी उठायची आणि दारात जाऊन उभी राहायची. दारातून बघण्यासारखं काही नव्हतं. राजूरकडून येणाऱ्या गाड्या, त्यांच्यावरून उडणारी काळी भुकटी, आणि समोरच्या टपरीवर हातात काम नाही म्हणून बसलेली कापसाच्या जिनातली माणसं. त्यांत माझे बाबाही असायचे. ते दिसतात का बघायला मी उठायची, आणि दिसले की लगेच आत यायची.

बाबा जिनात मुकादम होते. कापसातून सरकी वेगळी झाली की रुई दाबून तिच्या गाठी बांधतात. तीन माणसांच्या वजनाची ती गाठ उचलायची, थप्पीला लावायची, गाडीत भरायची, हे बाबांच्या नऊ जणांच्या टोळीचं काम. कापसाची ती वाईट वर्षं होती. आधी सहा महिने चालणारं जीन दोन महिन्यांवर आलं आणि मग एका हंगामात त्याचं फाटकच उघडलं नाही. पेपरात रोज काही ना काही छापून यायचं, पण जिनातल्या हमालांबद्दल कोणी ओळ लिहिली नाही. मला त्याची चीड यायची. बाबांना येत नसे. ते पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि नीट घडी घालून ठेवायचे. मला त्या घडीचीही चीड यायची.

तशातच मालकांना हैदराबादहून फोन आला. नागपुरात एक कंपनी मोठं संगणक केंद्र उभारत होती. एका गार हॉलमध्ये कपाटांसारखी शेकडो यंत्रं उभी राहणार आणि बँकांचा, रेल्वेचा, कोणाकोणाचा हिशेब त्यांत साठणार. आज त्याला सगळे डेटा सेंटर म्हणतात. तेव्हा आम्ही 'कॉम्प्युटरचं गोदाम' म्हणायचो. यंत्रं परदेशातून विमानाने हैदराबादला उतरायची आणि तिथून रस्त्याने यायची. त्यांच्या खास गाडीला आपल्या राज्याचा परवाना नव्हता. म्हणून पिंपळखुटीच्या नाक्याजवळ, राज्याच्या सीमेवर, माल उतरवून आमच्या बंद गाडीत भरायचा आणि नागपूरला पोचवायचा. तिथे क्रेन नव्हती की काही नव्हतं. माणसंच लागणार होती, आणि कंपनीला दर वेळी तीच टोळी हवी होती. पहिली खेप बारा पेट्यांची. ती धड पोचली तर वर्षभर, महिन्याला दोन खेपा.

मी तोंड उघडलं. "माझ्या बाबांची टोळी आहे."

मालक हसले. "गाठी लोटनारे काचेचं सामान उचलतीन का, मॅडम? एकेका पेटीची किंमत म्हंजे आपल्या कचेरीसकट सगळ्या गाड्या."

"उचलतीन. मी सोबत जातो."

वऱ्हाडात आम्ही बायका असंच बोलतो, 'जातो'. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, काही झालं तर तुमची सही आहे. मी म्हटलं, असू द्या. रागात दिलेला शब्द होता तो, आणि नऊ घरांचं वर्षभराचं काम त्या शब्दाला बांधलेलं होतं. त्यानंतर चार दिवस मला झोप अशी लागली नाही.

कंपनीने आठ पानांच्या सूचना पाठवल्या होत्या, इंग्रजीत. मी त्या मराठीत उतरवल्या आणि बंद जिनाच्या फाटकाशी टोळीला वाचून दाखवल्या. पेटी आडवी करायची नाही. आपटायची नाही. तिच्यावर बसायचं नाही, दुसरी पेटी ठेवायची नाही. आकडा लावायचा नाही. आकडा म्हणजे गाठीत खुपसून ती ओढायचा लोखंडी हूक, हमालाच्या हाताचाच एक भाग. बाबांनी तिथल्या तिथे नऊही आकडे गोळा केले आणि घरी आणून ट्रंकेत टाकले. प्रत्येक पेटीवर काचेची बारीक नळी चिकटवलेली असणार होती. धक्का बसला की नळी लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही, असं मी सांगितलं.

"म्हंजे पेटी सोताच चुगली करते," टोळीतले एक काका म्हणाले.

"करते."

"मंग आपल्या जिनातल्या बाबूचं काम गेलं," ते म्हणाले आणि सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मग त्यांनी कोणाच्या तरी घरचं जुनं लाकडी कपाट आणलं, त्यात विटा भरल्या, वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, आणि फळ्या टाकून, लोखंडी पाइपांवरून ते कपाट फाटकापासून समोरच्या वडापर्यंत सरकवलं. तिसऱ्या दिवशी पेल्यातलं पाणी सांडेनासं झालं. ती माणसं कामाला किती भुकेली होती हे मला त्या पेल्याकडे बघून कळलं.

बाबांनी एकच गोष्ट विचारली. "आगीचं काय लिहलं?"

"आगीपासून दूर ठेवा, एवढंच."

"अन् तापली तं?"

"बाबा, त्यात कापूस नाई! कायले तापीन?"

माझ्या आवाजाला घरात सगळेच गप्प बसायचे.

खेपेच्या दिवशी आम्ही सकाळीच जीपने सीमेवर पोचलो. उन्हाळा असा की दहालाच डांबर चपलेला चिकटत होतं. हैदराबादची गाडी वेळेवर आली, आमची आली नाही. करंजीजवळ टायर गेला होता. मी रस्त्याच्या कडेने दोनशे पावलं जायची, परत यायची, पुन्हा जायची. हैदराबादचा ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता, त्याला परतीचा माल होता. शेवटी बाबा म्हणाले, उतरवून घेऊ. ढाब्यामागे कडुलिंबाची दाट सावली होती, तिथे फळ्या टाकल्या.

ती माणसं त्या दिवशी जशी राबली तसं काम मी नंतर कुठे बघितलं नाही. कोणी ओरडलं नाही. बाबा पुढे उलटे चालत होते आणि नुसत्या बोटांनी सांगत होते, हळू, थांब, डावीकडे. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच बारा पेट्या उतरल्या आणि बाराही नळ्या पांढऱ्या राहिल्या. मी प्रत्येक नळी दोनदा बघितली. प्रत्येक पेटी जागेवर बसली की बाबा तिच्यावर उलटा हात ठेवायचे आणि मगच पुढे जायचे. जिनातली रीत होती ती. गाठ थप्पीला लावण्याआधी तिच्यावर उलटा हात ठेवायचा. रुईत एखादी ठिणगी दाबली गेली तर ती दिवसचे दिवस आतल्या आत धुमसते, बाहेर धूर येईपर्यंत उशीर झालेला असतो. हाताला गाठ गरम लागली की ती बाजूला ओढायची आणि कोणाला न विचारता तिच्यावर पाणी ओतायचं. बाबांच्या तरुणपणी एक अख्खं गोदाम एका गाठीमुळे जळालं होतं. त्यात त्यांच्या टोळीतले दोघे गेले.

मी कागद घेऊन नाक्यावर गेले. तिथल्या बाबूला परदेशी मालाचे इतके कागद बघून घाम फुटला. त्याने ते उलटे लावले, सुलटे लावले, साहेब जेवायला गेलेत म्हणाला. मी खिडकीशी उभी राहून बोटांनी लाकूड वाजवत होते. तो म्हणाला, बाई, बसा. मी म्हटलं, मला बसता येत नाही. यात दीड तास गेला. लिंबाची सावली तेवढ्या वेळात सरकली, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

परत आले तेव्हा सगळे उभे होते. कडेच्या, सात नंबरच्या पेटीवरून पाणी निथळत होतं. बाबांच्या हातात ढाब्याची रिकामी बादली होती.

"आतून तापली होती," ते म्हणाले. "हात ठेवला तं चटका बसला. आत लाल लाइट बी लागला होता. चालू-बंद, चालू-बंद. वास येऊन राह्यला होता. दोन बादल्या टाकल्या, आता थंड हाये."

काळं प्लास्टिक उन्हात तापलं होतं. वास त्या प्लास्टिकचाच होता. लाल दिवा म्हणजे पेटीचं तापमान टिपणारं एक छोटं यंत्र, फटीतून दिसणारं. आठ पानांत ते लिहिलं होतं, आणि कामाचं नाही म्हणून मीच गाळलं होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते आज लिहिण्यासारखं नाही. कॉम्प्युटरवर पाणी टाकतं का कोणी, एवढं तरी कळायला पाहिजे होतं, असं मी माझ्या बापाला त्याच्या आठ माणसांदेखत म्हटलं. बाबांचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. त्यांनी बादली खाली ठेवली.

"तुह्या कागदात पान्याचं नोतं," ते एवढंच म्हणाले.

नव्हतंच. 'पाणी टाकू नका' असं लिहायची गरज कोणाला वाटली असती?

मी ओढणीने पेटी पुसली. खाली प्लास्टिकच्या घड्यांत पाणी साचलं होतं, ते ओंजळीने काढलं. आत किती गेलं ते कळायला मार्ग नव्हता. पण ते ऊन असं होतं की अर्ध्या तासात प्लास्टिक कोरडं झालं, खालचं लाकूडही कोरडं झालं, डाग म्हणून राहिला नाही. नळी पांढरीच. धक्क्याची चुगली करणारी पेटी पाण्याबद्दल एक शब्द बोलणार नव्हती.

आमची गाडी आली, पेट्या चढल्या. मी गाडीच्या सावलीत बसून कागद मांडीवर घेतला. बारा रकाने होते, 'मालाची स्थिती'. सातव्या रकान्यापाशी माझा हात थांबला. समोर टोळी पाण्याचा एकच तांब्या फिरवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी बाराही रकान्यांत इंग्रजीत 'चांगली' लिहिलं आणि सही केली.

बाबा जवळ आले. "लिहलं का सातव्याचं?"

"लिहलं."

"बरं केलं. ओली गाठ कोरड्यात कधीच सोडू नाई."

ती त्यांची दुसरी रीत. ओली गाठ थप्पीत गेली तर स्वतः सडतेच, भोवतीच्या गाठीही काळ्या करते. भिजलेली गाठ लपवून भरणाऱ्या हमालाला बाबांनी एकदा टोळीतून काढलं होतं, आणि तो त्यांचा सख्खा मावसभाऊ होता. हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूर. उतरवायला बाबा आणि चौघे सोबत आले होते. कंपनीचा इंजिनिअर दक्षिणेकडचा, तिशीच्या आतला, सडपातळ, चष्मेवाला. त्याने बाराही नळ्या बघितल्या आणि हिंदीत म्हणाला, असं काम मी मुंबईतही बघितलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. काम मिळालं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी कागद त्याच्यापुढे केला.

तेवढ्यात बाबा पुढे झाले आणि सात नंबरच्या पेटीशी उभे राहिले. "साहब, ये पेटीपर हमने पानी डाला. दो बाल्टी. बाई ने लिखा हय, फिर भी बोलता हूं."

इंजिनिअरने कागदाकडे बघितलं. सातवा रकाना वाचला. मग माझ्याकडे बघितलं. बाबांना इंग्रजी कळत नव्हती, इंजिनिअर एक वाक्य हिंदीत बोलला असता तर संपलं होतं. तो बोलला नाही. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि बाबांना म्हणाला, "हां चाचा, लिखा है." मग म्हणाला की आज ही पेटी उघडून वीज जोडली असती तर आतलं सगळं जळालं असतं, कदाचित जोडणाऱ्यालाही इजा झाली असती. आता ती आठ दिवस कोरड्या खोलीत ठेवू. त्याने बाबांचा हात हातात घेतला. आम्हाला चहा पाजला. माझ्याकडे त्याने पुन्हा बघितलं नाही, आणि ते मला शिवीपेक्षा लागलं.

परतीच्या वाटेवर बाबा खुशीत होते. त्यांच्या मते काम पक्कं झालं होतं. ज्या साहेबाला ओल्याचं सांगितलेलं कळतं, तो माणूस चांगला, असं ते टोळीला सांगत होते. आपल्याले आता त्या लाल लाइटचं समजलं, पुढच्या खेपेले ताडपत्री बांधू. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला गाडीतून उडी मारावीशी वाटत होती, आणि बसून राहण्याशिवाय मी काही केलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र कचेरीत आलं. खाली त्या इंजिनिअरचीच सही होती. पेट्यांची हाताळणी उत्तम झाली, असं त्याने लिहिलं होतं. सात नंबरच्या पेटीवर सीमेवर पाणी टाकलं गेलं, ते मुकादमाने स्वतःहून सांगितल्यामुळे मोठं नुकसान टळलं, पण आतली दोन यंत्रं बदलावी लागत आहेत. कंपनीच्या नियमाप्रमाणे पुढच्या खेपांसाठी प्रशिक्षित माणसं हैदराबादहूनच येतील. मुकादमाला माझा नमस्कार सांगावा. माझ्या रकान्याबद्दल अख्ख्या पत्रात एक अक्षर नव्हतं.

बाबांना पत्र आल्याचं टपरीवरच कळलं. टोळी घेऊनच ते कचेरीच्या पायरीशी आले. नऊ जण उन्हात उभे, आणि मी दारात, हातात इंग्रजी कागद.

"वाच," बाबा म्हणाले.

त्यांनी खरं सांगितलं म्हणून नऊ घरांचं काम गेलं, हे मी त्या आठ माणसांपुढे कसं वाचणार होते? मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मनचं वाचलं. म्हटलं, सीमेवर आता उचलायची मशीन येणार आहे. माणसांची गरज राहिली नाही. तुमचं काम आवडलं, पण मशीन येणार आहे.

मशीनपुढे कोणाचं काय चालतं, असं कोणीतरी म्हणालं. एकेक जण पांगला. बाबा मात्र हलले नाहीत.

"पान्याचं काय लिहलं?"

"काही नाही."

"काईच नाई? मी सोता सांगतलं त्याले."

"काही नाही लिहिलं, बाबा."

ते पत्राकडे बघत राहिले. मला वाटलं, सुटले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखत होते, मावसभावाला काढलं तेव्हाची.

"मंग त्यानं लपवलं," ते म्हणाले. "वरच्या साहेबापासून लपवून ती ओली पेटी चालू केली असन त्यानं. मी त्याचा हात धरला होता. तो मानूस चांगला नाई."

मी पत्राची घडी घातली आणि ते आत नेलं. पुढे बाबा आणखी चौदा वर्षं जगले. टोळीतला कोणी भेटला, त्या खेपेचा विषय निघाला की मशीनला ते कधी दोष द्यायचे नाहीत. त्या चष्मेवाल्या साहेबाचं नाव निघालं की मान हलवायचे, खोटा मानूस म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, पाह्यलं होतं ना तू त्याले? मी म्हणायची, हो बाबा, पाह्यलं होतं.